आधी पिचर मोजा, मग संघ भरा : शालेय सॉफ्टबॉलमध्ये किती मुली घ्यायच्या?

शालेय स्पर्धांचे दिवस जवळ आले की दरवर्षी मला दोन-चार फोन ठरलेले असतात. कुणी शाळेत नुकतेच रुजू झालेले क्रीडाशिक्षक असतात, कुणी गावातल्या क्लबासाठी हौसेने मुली गोळा केलेले पालक. प्रश्न एकच असतो, "सर, सॉफ्टबॉलला किती पोरी घेऊ?" मी उलट विचारतो, "पिचर किती आहेत?" (पिचर म्हणजे चेंडू टाकणारी.) पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "एक आहे. पण चांगली आहे."

हा लेख म्हणजे त्या फोनवर पुरतं देता न येणारं उत्तर आहे. मी १४ आणि १७ वर्षांखालच्या मुलींच्या संघांबद्दल लिहितोय, कारण माझी बरीच वर्षं त्यांच्याच मैदानावर गेली. मुलांच्या संघालाही हाच हिशेब लागतो.

क्रिकेटमधून सॉफ्टबॉलकडे आलेल्या माणसाची एक गफलत हमखास होते. क्रिकेटमध्ये नियमच तुम्हाला बॉलर बदलायला लावतो. एक ओव्हर झाली की दुसऱ्या टोकाकडून दुसरा बॉलर, त्यामुळे चार-पाच बॉलर हवेतच हे सांगावं लागत नाही. सॉफ्टबॉलमध्ये तशी सक्ती नाही. एकच मुलगी सामन्याच्या सातही इनिंग (दोन्ही संघांचे तीन-तीन आउट झाले की एक इनिंग) टाकू शकते, आणि टाकू शकते म्हणून आपण तिला टाकायला लावतो. वाईट म्हणजे, सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर यात काही चुकतंय हे कळतही नाही.

मला ते कळलं एका जिल्हास्तरीय स्पर्धेत. ऑक्टोबरचं ऊन, बाद पद्धत, एकाच दिवशी तीन सामने. माझ्याकडे पिचर एकच. सकाळचे दोन्ही सामने तिने एकटीने काढले. दुपारी तीनला फायनल सुरू झाली. तिसऱ्या इनिंगमध्ये तिने लागोपाठ चार वॉक दिले, म्हणजे चुकीच्या चेंडूंमुळे चार बॅटरना फुकट पहिला बेस. मी टाइम घेऊन सर्कलमध्ये, पिचर उभी राहते तिथे, गेलो. ती चेंडू माझ्या हातात देत म्हणाली, "सर, हात उचलत नाहीये." मी बाकाकडे पाहिलं. सात मुली बसल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीनेही सामन्यात कधी एक चेंडू टाकलेला नव्हता. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये खेळणाऱ्या मुलीला, पुढे केलं. ती बिचारी उभी राहिली, पण सामना तिथेच गेला. सामन्याचं मला फार वाटलं नाही. त्या पिचरने पुढच्या वर्षी खेळ सोडला, ते अजून लागून आहे. यादी मी केली होती.

म्हणून क्रम असा धरा.

पहिलं काम : परिपत्रक नीट वाचा

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. राज्यात विभाग आठ आहेत: मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अमरावती आणि नागपूर. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं परिपत्रक हातात आलं की बहुतेक जण तारीख आणि खेळाडूंची संख्या बघून ते फाइलला लावतात. संख्येचा आकडा, जो सॉफ्टबॉलला साधारण १६ असतो, ही वरची मर्यादा आहे. तितक्या मुली घेतल्याच पाहिजेत असा त्याचा अर्थ होत नाही.

त्याऐवजी या गोष्टी शोधा, आणि परिपत्रकात नसतील तर संघ व्यवस्थापकांच्या बैठकीत हात वर करून विचारा. एका दिवसात जास्तीत जास्त किती सामने होतील? सामना पूर्ण ७ इनिंगचा की ५ चा, की वेळेचा? फरकाचा नियम, म्हणजे किती धावांच्या फरकाने सामना आधीच थांबवायचा, तो कोणता लावणार? पिचिंग प्लेट किती अंतरावर? महिलांसाठी अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर आहे आणि बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. लहान गटाला पिचिंगचं अंतर कमी ठेवलं जातं. तुम्ही शाळेत ज्या अंतरावरून सराव घेता ते आणि स्पर्धेतलं अंतर एक आहे का, हे टेप लावून बघा. पावलांनी मोजलेलं अंतर हमखास दोन-तीन फुटांनी चुकतं, आणि १३ वर्षांच्या मुलीसाठी तेवढ्यात स्ट्राइकचा (बरोबर पडलेल्या चेंडूचा) बॉल (चुकलेला चेंडू) होतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती म्हणजे दिवसाला किती सामने. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

दुसरं काम : खरोखर पिचर कोण, हे ठरवा

"ती पण टाकते" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. सरावात कॅचरसमोर (होमप्लेटमागे बसून चेंडू झेलणारीसमोर) मजेत टाकणं वेगळं आणि बॅटर उभी असताना, सेकंड बेसवर रनर असताना टाकणं वेगळं. मी जी चाचणी घेतो ती साधी आहे.

स्पर्धेच्या अंतरावरून ३० चेंडू. कॅचर पूर्ण साहित्यात, होमप्लेटजवळ एक मुलगी स्लगर (बॅट) घेऊन नुसती उभी, ती मारणार नाही. स्ट्राइक किती पडले ते कागदावर लिहायचं. मग त्या मुलीला बेसची एक पूर्ण फेरी पळवायची आणि लगेच पुन्हा १० चेंडू टाकायला लावायचे. हे दुसरे १० मला जास्त सांगतात, कारण सामन्यात पिचर स्वतः पळून येते आणि मिनिटभरात पुन्हा सर्कलमध्ये उभी राहते.

३० पैकी १८ किंवा जास्त स्ट्राइक आणि पळाल्यानंतरच्या १० पैकी ५-६ असतील तर ती पहिल्या फळीची पिचर. ३० पैकी १५ च्या आसपास असेल तर ती दुसरी, तिच्या हातात इनिंग देता येतात. १२ च्या खाली असेल तर ती अजून शिकतेय. हे माझ्या अनुभवाचे आकडे आहेत. तुम्ही आपले ठेवा, पण आकडे ठेवा. आणि चाचणीत वेग मोजू नका. या वयात वेगाने टाकणारी आणि दर बॅटरला वॉक देणारी मुलगी संघाला जितकी महाग पडते, तितकी संथ पण नेमकं टाकणारी कधीच पडत नाही. संथ चेंडूवर बॅटर मारते, तो कुणीतरी अडवतं, आउट मिळतात. वॉकवर आठ मुली नुसत्या उभ्या राहतात आणि उन्हात थकतात.

ही चाचणी पिचर म्हणवणाऱ्या दोघींचीच नको, सगळ्या मुलींची घ्या. लांब बोटांच्या, शांत स्वभावाच्या एखाद्या आउटफिल्डरचं नाव तुम्ही कधी धरलेलं नसतं आणि ती साध्या स्लिंगशॉट पद्धतीने, हात मागे नेऊन तसाच पुढे आणत, विंडमिलसारखं हाताचं पूर्ण चक्र न फिरवता, १६ स्ट्राइक टाकून जाते. माझ्या आजवरच्या सर्वांत भरवशाच्या तिसऱ्या पिचर अशाच सापडल्या.

तिसरं काम : चेंडूंचा हिशेब मांडा

कागद घ्या. एका इनिंगमध्ये तीन आउट. मुलींच्या शालेय सामन्यात तीन आउट मिळेपर्यंत सहा बॅटर येऊन जाणं ही नेहमीची गोष्ट. प्रत्येकीला सरासरी चार चेंडू धरले तर इनिंगला २४. पाच इनिंगचा सामना म्हणजे १२०. दिवसात दोन सामने म्हणजे २४०, आणि यात वॉर्मअपचे चेंडू धरलेलेच नाहीत.

आता हा आकडा समोर ठेवून दुसरा वाचा. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या 'स्टॉप स्पोर्ट्स इंज्युरीज' या मोहिमेने सॉफ्टबॉल पिचरांसाठी जी मर्यादा सुचवली आहे ती १३-१४ वर्षांच्या मुलीसाठी एका सामन्यात ८० आणि एका दिवसात ११५ चेंडूंची आहे. १५ वर्षं आणि पुढे १०० आणि १४० ची. म्हणजे तुमची १३-१४ वर्षांची एकटी चांगली पिचर दुसऱ्या सामन्यात उभी राहायच्या आधीच दिवसाची मर्यादा ओलांडून बसलेली असते.

"खालून टाकायचं असतं, त्याने खांद्याला काही होत नाही," हे मी चांगल्या, जुन्या प्रशिक्षकांच्याही तोंडून ऐकलंय. ते खरं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरांचा अभ्यास झाला तेव्हा चेंडू सोडण्याच्या सुमारास खांद्याचा सांधा बाहेर ओढणारं बल त्यांच्या शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के दिसलं. त्या पूर्ण वाढलेल्या, वर्षानुवर्षं ताकद कमावलेल्या बायका होत्या. आपल्याकडे आठवीतली मुलगी असते, जी सकाळी पोहे खाऊन एसटीने ४० किलोमीटर आलेली असते.

तर नियम असा: दिवसाला सामने जास्त, तर इनिंग टाकू शकणाऱ्या मुलीही जास्त हव्यात. दिवसाला एकच सामना असेल तर दोन पिचर. दोन किंवा तीन असतील तर तीन. तिसरी अगदी कच्ची असली तरी चालेल, पण तिचं नाव तुमच्या वहीत "पिचर" म्हणून लिहिलेलं हवं आणि तिने सरावसामन्यात निदान सहा-सात इनिंग टाकलेल्या हव्यात.

कॅचरचंही तसंच, आणि हे लोक विसरतात. पिचरचे १२० चेंडू कॅचर उकिडवी बसून घेत असते, हेल्मेट, चेस्टगार्ड, लेगगार्ड चढवून. कॅचर दोन हव्यातच. शिवाय दुसऱ्या कॅचरने दुसऱ्या पिचरबरोबर सराव केलेला हवा, कारण पिचर सावरते ती कॅचरच्या ग्लोव्हकडे बघून. मी जोड्या लावूनच टाकतो: पहिली पिचर-पहिली कॅचर, दुसरी-दुसरी. आठवड्यातून एक दिवस जोड्या उलट्या करतो.

चौथं काम : साखळी तपासा

इथे थोडं थांबा, कारण संख्या बरोबर असूनही संघ इथेच फसतात.

आपल्याकडे सगळ्यात चपळ, जोरदार हाताची मुलगी पिचर होते, आणि तीच शॉर्टस्टॉपलाही सर्वोत्तम असते. समजा तुमची दुसरी पिचर फर्स्ट बेसला खेळते. आता पिचर बदलायची वेळ आली. फर्स्ट बेसची मुलगी सर्कलमध्ये आली. पहिली पिचर शॉर्टस्टॉपला गेली. शॉर्टस्टॉपवाली थर्ड बेसला सरकली. थर्डवाली फर्स्ट बेसला आली. एक पिचर बदलली आणि चार जणी जागेवरून हलल्या.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. बदलानंतरचा दुसराच चेंडू शॉर्टस्टॉपकडे सरपटत गेला. तिने तो सफाईने उचलला, सरळ छातीच्या उंचीवर फेकला. फर्स्ट बेसवर नवी आलेली मुलगी चेंडूकडे बघायच्या ऐवजी खाली बघून पायाने बेस चाचपडत होती. चेंडू ग्लोव्हला घासून मागच्या जाळीवर. दोन धावा. स्कोअरशीटवर ती चूक त्या मुलीच्या नावावर लागली, पण तिला फर्स्ट बेसवर उभं राहायचं कसं हे कुणी शिकवलेलंच नव्हतं.

यावर उपाय आहे सरळ अदलाबदल. पहिली आणि दुसरी पिचर, दोघींची "पिचिंग नसतानाची जागा" एकच ठेवा. फर्स्ट बेस यासाठी उत्तम, कारण तिथे लांब फेक करावी लागत नाही आणि हाताला विश्रांती मिळते. एक सर्कलमध्ये असेल तेव्हा दुसरी फर्स्टला. बदल म्हणजे फक्त दोघींनी जागा बदलायच्या. बाकी सात जणींना काही कळायचीही गरज नाही. मैदानात राहिलेली पिचर गरज पडली तर पुन्हा सर्कलमध्येही येऊ शकते.

ही साखळी तपासायला वहीच्या एका पानावर नऊ जागा उभ्या लिहा आणि प्रत्येकीसमोर दोन नावं. मग दुसऱ्या रंगाच्या पेनने पहिल्या पिचरचं नाव खोडा आणि काय काय हलतं ते बाणांनी दाखवा. दोनपेक्षा जास्त बाण निघाले तर यादी दुरुस्त करा. तसंच पहिल्या कॅचरचं करा. जिथे दुसरं नाव सुचतच नाही ती जागा भरणारी मुलगी शोधणं, हेच निवड चाचणीचं खरं काम. चांगली बॅटर दिसली म्हणून पाचवी आउटफिल्डर घेऊ नका.

नव्या माणसाला दोन नियम इथेच माहीत हवेत. एक, पुनर्प्रवेश: सुरुवातीला उतरलेली मुलगी बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते, मात्र तिच्या मूळ बॅटिंग क्रमावरच. बाकावरून आलेली मुलगी एकदा बाहेर गेली की तिचा सामना संपला. म्हणून बदल करताना घाई नको, आणि स्कोअररला कळवल्याशिवाय तर कधीच नको. दुसरा नियम डीपी (डेसिग्नेटेड प्लेअर) आणि फ्लेक्सचा. डीपी ही मुलगी फ्लेक्सच्या जागी बॅटिंग करते, फ्लेक्स फक्त क्षेत्ररक्षण करते आणि यादीत तिचं नाव दहावं असतं. तुमची पिचर बॅटिंगला कमजोर असेल किंवा तिला उन्हात पळवायचं नसेल तर तिला फ्लेक्स करा. बाकावरच्या एका चांगल्या बॅटरला सामना मिळतो आणि पिचरचे पाय वाचतात. पण हे सामन्यापूर्वी यादीत लिहून द्यावं लागतं. मध्येच आठवून उपयोग नाही.

पाचवं काम : आता संख्या

आतापर्यंतचं केलं असेल तर आकडा जवळजवळ आपोआप येतो. मैदानात ९, त्यांत दोन पिचर आणि एक कॅचर. बाकावर दुसरी कॅचर, ही दहावी. फर्स्ट आणि थर्ड दोन्ही सांभाळणारी, ही अकरावी. शॉर्टस्टॉप आणि सेकंड सांभाळणारी, बारावी. एक वेगवान आउटफिल्डर, जी शेवटच्या इनिंगमध्ये बेसवर पळायलाही उतरेल, तेरावी. तिसरी पिचर यांच्यातलीच एक. चौदावी मी नेहमी खालच्या इयत्तेतली घेतो, जी यंदा फार खेळणार नाही पण पुढच्या दोन वर्षांनी माझी पिचर किंवा कॅचर असेल.

तेव्हा माझा आकडा १३ ते १४.

११ किंवा १२ वर भागवता येतं का? लहान शाळेला पर्यायच नसतो, त्यामुळे भागवावं लागतं. पण मोजताना दोन मुली कमीच धरा. कुणाची घटक चाचणी असते, कुणाच्या घरी लग्न, कुणाला ताप, कुणाची पाळी आलेली असते आणि पोट दुखत असतं. आणि या गोष्टी तुम्हाला आदल्या रात्री कळतात. ११ ची यादी सकाळी मैदानावर ९ होते, आणि मग एकीचा पाय मुरगळला की तुम्ही संपलात. त्यामुळे ११-१२ चा संघ असेल तर प्रत्येकीला दोन जागा यायलाच हव्यात.

१६ कधी घ्याव्यात? तीन पक्क्या पिचर आहेत, विभाग-राज्यपर्यंत जायचा अंदाज आहे, सराव रोज होतो, अशा वेळी. एरवी १६ चा तोटा साधा आहे. ७ इनिंगचा सामना म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या ६३ जागा. १३ मुलींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पाच इनिंग. १६ जणींत वाटल्या तर चारही पूर्ण येत नाहीत, आणि चुरशीच्या सामन्यात तर शेवटच्या चार मुलींना एकही मिळत नाही. स्पर्धा तीन सामन्यांची असेल तर त्या मुली बाटल्या भरून परत येतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी हे एकदा सोसते. दुसऱ्या वर्षी ती दुसरा खेळ बघते.

इथे एक नाजूक गोष्ट आहे आणि ती टाळून चालणार नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे यादीत नाव असणं ही पालकांसाठी मोठी गोष्ट असते, आणि "सर, तीन जागा रिकाम्याच आहेत ना, घाला की तिचं नाव," असं ते म्हणतात तेव्हा त्यांचं चूक नसतं. माझं उत्तर मी जूनमध्येच पालकसभेत देऊन टाकतो: सरावाला ७० टक्के हजेरी आणि दोन जागा खेळता येणं, या दोन अटींवर यादी होईल, दोन्ही पूर्ण करणारी पंधरावी मुलगी असेल तर पंधरावं नाव लागेल. ऐन स्पर्धेच्या आठवड्यात हे बोलायला गेलात तर नियमसुद्धा नकारासारखा ऐकू येतो. आणि अट पूर्ण न करणारं एक नाव घातलंत की वर्षभर उन्हात घाम गाळलेल्या चौदा जणींना तुम्ही काय सांगितलंत, याचा विचार करा.

सहावं काम : दिवसाची आखणी आदल्या रात्री

दोन ऑलिंपिक फायनल शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने २० ऑगस्टला एका दिवसात दोन सामने टाकले, अमेरिकेविरुद्ध ९ इनिंग आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२. दुसऱ्या दिवशी फायनलला पुन्हा तीच उभी राहिली आणि तोवर तिन्ही ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेल्या अमेरिकेला जपानने हरवलं. दोन दिवसांत ४१३ चेंडू. ही कथा सगळ्यांना माहीत असते आणि तिचाच दाखला दिला जातो.

त्याच उएनोची दुसरी फायनल २७ जुलै २०२१ ची, योकोहामातली. वय ३९. या वेळी सहाव्या इनिंगमध्ये तिच्या हातातून चेंडू २० वर्षांच्या मिउ गोतोकडे गेला. गोतोने ती अवघड इनिंग निभावली आणि सातवीला उएनो पुनर्प्रवेशाच्या नियमाने परत आली. जपान २-० ने जिंकलं. मधल्या तेरा वर्षांत जपानने दुसरी पिचर उभी केली होती, आणि फायनलमध्ये तिच्यावर भरवसाही टाकला. तुमच्या मुलींना ही दुसरी फायनल दाखवा.

आता आपल्या मैदानावर. समजा तीन सामने होऊ शकतात. नवा शिक्षक पहिल्या सामन्यात पहिली पिचर उतरवतो, कारण बाद पद्धत आहे आणि धोका नको. समोरचा संघ कच्चा असतो, तिसऱ्या इनिंगला १२-१ होतं, तरी तीच टाकत राहते. हे उलटं करा. पहिल्या सामन्याला दुसरी पिचर, आणि पहिली फर्स्ट बेसवर. ती मैदानातच आहे. दुसरीने लागोपाठ दोन वॉक दिले आणि बेस भरले तर तुम्ही एका मिनिटात अदलाबदल करू शकता. धोका तितकाच राहतो, पण शक्यता ही की पहिलीचे १०० चेंडू वाचतात. पाच इनिंगनंतर सात धावांचा फरक असेल तर सामना संपतो, त्यामुळे मोठी आघाडी मिळाली की तिसऱ्या पिचरला एक इनिंग द्यायची हीच वेळ. दुसऱ्या सामन्यात पहिलीला तीन इनिंग, पुढे दुसरी. फायनलसाठी पहिलीच्या खात्यात निदान निम्मे चेंडू शिल्लक हवेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: समोरचा बॅटिंग क्रम तिसऱ्यांदा फिरून आला की कोणत्याही पिचरला मार बसायला लागतो, कारण बॅटरना तिचा वेग पाठ झालेला असतो. बदलायची नैसर्गिक वेळ तीच, थकायची वाट बघू नका. वेगवान पिचरनंतर संथ पिचर आली की निदान एक फेरी बॅटर आधीच स्लगर फिरवून मोकळ्या होतात. तुमची ती १६ स्ट्राइकवाली आउटफिल्डर इथे कामाला येते.

चेंडू मोजायला बाकावरच्या एका मुलीला वही द्या. पाच-पाचच्या रेघा, इनिंगनुसार. स्कोअरशीट सांभाळणाऱ्या मुलीवर हे टाकू नका, तिचं काम वेगळं आहे. मोजणारीला आकडा आधी सांगून ठेवा: "७० झाले की मला हाक मार." आणि हाक आली की ऐका, स्कोअर काहीही असो.

थकव्याची खूण चेहऱ्यावर शोधू नका, मुली चेहरा सांभाळतात. चेंडू सतत वर जायला लागले, दोन चेंडूंमधला वेळ वाढला, चेंडू सोडल्यावर ती हात झटकायला लागली, किंवा खांद्याच्या पुढच्या बाजूला हात लावून उभी राहिली, तर तिची इनिंग संपली. खांद्याच्या पुढच्या बाजूची दुखणी पिचरमध्ये नेहमीची आहेत आणि बर्फ लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायला लावण्यातून ती वाढतात.

सातवं काम, जे खरं तर आजच सुरू करायचं

दुसरी पिचर तयार व्हायला माझ्या अनुभवाने दोन हंगाम लागतात. म्हणजे नववीतली पिचर पुढच्या वर्षी दहावीच्या अभ्यासात अडकणार हे माहीत असताना, सातवीतल्या मुलीच्या हातात चेंडू आत्ताच द्यायला हवा. इयत्ता लिहून पिचरांची नावं मांडा. दोन्ही नावं एकाच इयत्तेतली असतील तर तुमचा संघ आज भक्कम आणि दोन वर्षांनी रिकामा आहे.

सातवीच्या हाताला १२ इंची चेंडू मोठा पडतो. सुरुवातीला ११ इंची चेंडू वापरा, कमी अंतरावरून, आणि विंडमिलच्या आधी नुसत्या मनगटाचा सराव: कॅचरपासून दहा-बारा फुटांवर उभं राहून, हात मांडीजवळून, फक्त मनगटाने चेंडू सोडायचा. रोज ३० वेळा. ते जमलं की अर्धा हात, मग पूर्ण फेरी. वेग येतो तो पायाने पुढे रेटण्यातून, हे तिला आधीच सांगा, म्हणजे ती सगळा जोर खांद्यावर काढणार नाही.

सरावात पहिल्या आणि दुसऱ्या पिचरला सारखेच चेंडू द्या. आठवड्यात तीन दिवस पिचिंग, मध्ये एक-एक दिवस मोकळा. स्पर्धेनंतर पिचरांना निदान आठवडाभर चेंडू देऊ नका. क्षेत्ररक्षण, बॅटिंग, पळणं चालू राहू दे. आणि सरावसामन्यात, शाळेत, जिथे हरण्याने काही बिघडत नाही तिथे, दुसरीला अवघड जागी सोडा: बेस भरलेले, एकही आउट नाही, हातात चेंडू. ती दोन-तीनदा मार खाईल. चौथ्यांदा तिच्या खांद्यांवरून कळतं की ती आता घाबरत नाही.

मग यादी करायला बसा. पहिल्या तीन ओळींवर पिचर लिहा, पुढच्या दोन ओळींवर कॅचर, आणि नंतर बाकीच्या.